नववा बाक

घमेलं पालथं ठेवलं, कडेनं ब्रश फिरवला,
तीन ढांगा मोजल्या, पुन्हा घमेलं.
फाटकापासून ध्वजस्तंभापर्यंत बेचाळीस गोल.
निकुंभ मॅडम गच्चीवरून ओरडल्या, गांगुर्डे मामा,
सत्ताविसावा वाकडा आलाय!
आलाय खरा.

सातपूरची थंडी, जानेवारी.
पोरं सायकलवरून येतात
त्र्यंबककडचं वारं कपाळावर घेऊन,
आणि यंत्र कुणाचंच कपाळ मानत नाही.
काचेवर दोनच इंग्रजी अक्षरं: लो.
मॅडम म्हणाल्या, पाच मिनिटं उन्हात उभी करा, मग मोजा.
तर अशी भरते हल्ली आमची शाळा,
भिंतीला पाठ लावून, तोंडं झाकून,
डोळे मिचकावत
दोरीवर घातलेल्या गणवेशांसारखी.

संमतीपत्रं मी फाईलला लावतो.
वाचत नाही, पण सही दिसतेच.
गेल्या वर्षी सहलीच्या कागदावर वडिलांची होती,
तिथं यंदा आईची,
एकेक अक्षर सुटं, जपून काढलेलं.
त्या कागदाला भोकं पाडताना
मशीन जरा हळू दाबलं.

खिडक्यांच्या कड्या स्क्रूड्रायव्हरनं काढून घेतल्या,
थंडी वाजते म्हणून कुणी लावायला नको.
टाकीचे नळ तारेनं बांधले.
डबा जागेवर, दहा मिनिटं, देणंघेणं बंद.
दिंडोरीच्या मामाकडची द्राक्षं एकानं आणली,
अख्खा घड,
आणि एकट्यानं खाल्ली.
इतकं सावकाश खाताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.

विषम नंबर सोम-बुध-शुक्र.
सम नंबर मंगळ-गुरू-शनि.
सुटली की माझी बादली, हायपो, फडकं.
नववी ब, नवव्या बाकावर सोमवारी पेन्सिलीनं:
इथं उद्या कोण बसतं? मी अलफिया.
पुसलं.
मंगळवारी उत्तर नाही. येणार कुठून?
बुधवारी: वाचलं नाहीस का गं?
तेही पुसलं.
वहीत मीच सही करतो,
बाक पुसले, वेळ बारा चाळीस.
नियम बरोबरच आहे.

शुक्रवारी फडकं बाकाच्या वर धरलं
आणि पाणी माझ्या चपलेवर ठिबकत राहिलं.
मग खडू घेतला.
फळ्याच्या कोपऱ्यात, पट-हजर-गैरहजरच्या खाली,
माझ्या सातवी पास अक्षरात:
बाक नऊ. अलफिया विचारते, तू कोण,
आणि तिसरं प्रमेय समजलं का.
मग बाक पुसला. दोनदा.

शनिवारी बाकावर:
मी चैताली. नाही समजलं.
तुझं अक्षर म्हाताऱ्यासारखं आहे.

मास्कमध्ये हसलो, चष्म्यावर वाफ.
उतरवून घेतलं तसंच्या तसं,
एक शब्द गाळला नाही.

मग बाक तीनचं सुरू झालं. बाक अकराचं.
कुणी कोडं घालतं, कुणी मराठीच्या बाईंची नक्कल लिहितं,
एकानं नुसतंच, बोअर होतंय यार.
गणिताचे पाटोळे सर फळा पुसताना
तो कोपरा सोडून पुसतात.
त्यांनी मला विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
घरी जायला मात्र अर्धा तास उशीर,
आणि बोटांना हायपोवर खडूचा वास.

मार्चात पुन्हा आदेश आला.
त्या दिवशी विषम होते.
नवव्या बाकावर, घाईत, टोक मोडलेल्या पेन्सिलीनं:
मी सकाळी वाकड्या गोलात उभी राहते.
तू पण तिथंच राहत जा.
मी फळ्यावर उतरवलं,
कड्या परत बसवल्या, कुलूप लावलं.

उन्हानं गोल उडाले सगळे.
पुढचं काही कुणी कळवलेलं नाही.
परवा डब्याच्या तळाशी थोडा रंग सापडला,
एकाच गोलापुरता.
सत्ताविसावा काढला,
घमेलं जरा तिरपं धरून.